नर्मदा की बोरिंग? घरच्या पाण्याची पारख कशी करायची

गेल्या वैशाखात भाचेसुनेचा फोन आला. "मामी, सहा शिट्ट्या झाल्या तरी तुरीची डाळ टचटचीत राहते. डाळ बदलली, कुकरची रिंग बदलली. आता काय करू?" ती पुण्याची. लग्नानंतर इंदूरला आली आणि दोनच महिन्यांपूर्वी बायपासपलीकडच्या नव्या इमारतीत राहायला गेली होती. मी तिला एकच विचारलं, "तुमच्याकडे नर्मदा आहे की बोरिंग?" म्हणजे नळाला नर्मदा नदीचं पाणी येतं की बोअरवेलचं. तिला ते माहीत नव्हतं. नळ उघडला की पाणी येतं, एवढंच माहीत होतं.

मी इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं सहायक होते. द्रावणं तयार करायची, ब्युरेट (द्रावण मोजून सोडायच्या काचेच्या नळ्या) धुऊन ठेवायचे, मुलांचं टायट्रेशन चुकलं की पुन्हा मांडून द्यायचं. पाण्याचा कठीणपणा मोजण्याचा प्रयोग दर वर्षी व्हायचा आणि त्यासाठी लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर अशा ठिकठिकाणच्या घरांतून मुलं बाटल्या भरून आणायची. तेव्हापासून माझी एक तळमळ आहे. लोक पाण्यावर हजारो रुपये खर्च करतात, पण आपल्या नळाला कोणतं पाणी येतं हे आधी बघत नाहीत. म्हणून भाचेसुनेला जे करायला सांगितलं, ते सगळं इथे लिहिते आहे.

पाण्याबद्दल तीन वेगवेगळे प्रश्न असतात. त्यात विरघळलेले एकूण क्षार, म्हणजे टीडीएस, किती? त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा भाग, म्हणजे कठीणपणा, किती? आणि त्यात रोगजंतू आहेत का? टीडीएसचं पेनासारखं मीटर फक्त पहिल्याचं उत्तर देतं, तेही पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून काढलेल्या अंदाजाने. बाकीच्या दोन प्रश्नांशी त्याचा थेट संबंध नाही. आकडा कमी म्हणजे पाणी चांगलं, हा समज घराघरांत इतका पक्का बसला आहे की तो काढताना मला फार कष्ट पडतात.

आपल्याकडे दोन पाणी आहेत

नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून येतं. सुमारे ७० किलोमीटरचं अंतर आणि विंध्याचा चारशे मीटरांहून जास्त चढ पंपांनी चढवून. त्यासाठी १९७० साली इंदूरकरांनी आंदोलन केलं आणि १९७८ मध्ये ते पाणी शहरात पोहोचलं. त्याआधी बिलावली तलाव आणि गंभीर नदीवरचा यशवंत सागर यांच्यावरच मुख्य मदार होती. नर्मदा आली त्या वर्षी साबणाला फेस किती येतो हे सासूबाई शेजारणींना बोलावून दाखवत असत, असं घरातले सांगायचे. नदीचं पाणी, त्यामुळे कठीणपणा बेताचा.

बोरिंगचं पाणी येतं माळव्याच्या काळ्या पाषाणातून. पावसाचं पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड घेऊन जातं, थोडं आम्ल होतं आणि बेसाल्टच्या भेगांतून झिरपताना कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवून घेतं. ते बायकार्बोनेटच्या रूपात पाण्यात राहतात. 'पग पग रोटी, डग डग नीर' म्हणणाऱ्या या भूमीत आता फार खोलवर बोरिंग करावं लागतं, आणि पाणी दगडात जितकं जास्त काळ राहतं तितके क्षार वाढायला वाव मिळतो. टँकरचं पाणीही बहुतेक वेळा कुणाच्या तरी बोरिंगचंच असतं.

पुस्तकात याला 'कठीण पाणी' म्हणतात, घरात आपण 'जड' किंवा 'खारं' म्हणतो. 'खारं' या शब्दाने मात्र फसायला होतं. जिभेला खारट न लागणारं पाणीसुद्धा गिझर खाऊन टाकण्याइतकं कठीण असू शकतं.

नमुना घेताना

बहुतेक घरांत नर्मदा आणि बोरिंग एकाच हौदात किंवा गच्चीवरच्या एकाच टाकीत पडतात. म्हणून बाटल्या तीन घ्या: एक नर्मदेच्या नळाची, हौदात पडण्याआधीची; एक थेट बोरिंगच्या मोटारीची; एक स्वयंपाकघरातल्या नळाची. नर्मदा आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एक दिवसाआड येते, त्यामुळे तिचा दिवस आणि वेळ धरावी लागते. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा आणि लगेच चिठ्ठी चिकटवा. 'लक्षात राहील' म्हणून चिठ्ठी न लावणाऱ्या किती मुलांना मी पुन्हा नमुने आणायला लावले, त्याची गणती नाही.

साबणाची परीक्षा

काही विकत न घेता करता येते. अंगाचा साधा साबण किसून डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा (इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी चालतं). डिटर्जंट घेऊ नका, कठीण पाण्यातही त्याला फेस येतो. सारख्या आकाराच्या चार बाटल्यांत १०० मिली पाणी घ्या. तीन तुमचे नमुने, चौथं डिस्टिल्ड. प्रत्येकीत ड्रॉपरने साबणाचं पाणी घालत जा, झाकण लावून हलवा आणि पाच मिनिटं टिकणारा फेस यायला किती थेंब लागले ते लिहा. डिस्टिल्डला थोडेच लागतील. बोरिंगला इतके लागतील की तुम्ही थेंब मोजता मोजता थकाल, आणि फेसाऐवजी पांढरा चोथा वर तरंगेल. तोच चोथा बादलीच्या कडेला, फरशीवर आणि केसांतही बसत असतो. यातून आकडा मिळत नाही, पण कोणतं पाणी किती जड आहे हे डोळ्यांना दिसतं. घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या हातून करून घ्या.

आकडा हवा असेल तर

मत्स्यालयाच्या दुकानात माशांच्या टाकीसाठी कठीणपणा मोजायची थेंबांची छोटी किट मिळते. तिच्यावर 'जर्मन डिग्री'त उत्तर असेल तर १७.८ ने गुणा, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम मिळतील. घरासाठी एवढं पुरतं.

मी मात्र जुन्या सवयीने टायट्रेशन करते. ५० मिली पाणी, त्यात एक-दोन मिली अमोनिया बफर, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी, म्हणजे रंग बदलून खूण देणारी पूड. पाणी तांबूस-जांभळं होतं. मग ब्युरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवणारं द्रावण, थेंबाथेंबाने सोडायचं. जांभळी झाक पूर्ण जाऊन स्वच्छ निळा रंग आला की थांबायचं. शेवटचे थेंब सावकाश घाला, घाईत निळ्याच्या पुढे गेलेलं कळत नाही. जितके मिली लागले त्याला २० ने गुणलं की लिटरमागे मिलिग्रॅममध्ये कठीणपणा मिळतो. बफरचा वास उग्र असतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि ओट्यावर हे अजिबात करू नका.

भाचेसुनेच्या इमारतीचे माझे आकडे असे आले: नर्मदा ६.६ मिली, म्हणजे १३२. बोरिंग २३.४ मिली, म्हणजे ४६८. तिच्या स्वयंपाकघरातला नळ १३.८ मिली, म्हणजे २७६. या तीन आकड्यांतून आणखी एक गोष्ट काढता येते. २७६ मधून १३२ वजा केले की १४४. ४६८ मधून १३२ वजा केले की ३३६. १४४ भागिले ३३६ म्हणजे जवळजवळ ४३ टक्के. म्हणजे तिच्या टाकीत त्या दिवशी शंभरातलं ४३ भाग पाणी बोरिंगचं होतं. 'आपल्याकडे नर्मदाच येते' असं सोसायटीचे लोक सांगत होते. तो कागद मी त्यांच्यापुढे ठेवला. भांडणाची गरज पडली नाही.

पेयजलाच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) कठीणपणा २०० पर्यंत असावा असं म्हटलं आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येतो. टीडीएससाठी हेच आकडे ५०० आणि २००० आहेत. तेव्हा ४६८ म्हणजे विष नव्हे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच. कठीणपणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणावरून मर्यादा ठरवलेली नाही. 'बोरिंगच्या पाण्याने मुतखडा होतोच' हेही सिद्ध झालेलं नाही. माळव्याच्या उन्हाळ्यात पाणी कमी पिणं हे त्याहून मोठं कारण आहे. ज्यांना आधीच खडे झाले आहेत त्यांनी आपल्या डॉक्टरांना पाण्याचा आकडा दाखवून विचारावं.

आणखी एक मोजणी करून बघण्यासारखी आहे. बोरिंगचं पाणी १५ मिनिटं उकळा, थंड करा, आटलं असेल तितकं डिस्टिल्ड पाणी घालून माप पूर्ण करा, फडक्यातून गाळा आणि पुन्हा मोजा. ४६८ चे माझे १९६ झाले. गेलेला भाग बायकार्बोनेटचा. तो पातेल्याच्या तळाला पांढरा बसला. उरलेला, सल्फेट आणि क्लोराइडचा, उकळून जात नाही. तुमच्याकडे उकळून मोठा फरक पडत असेल, तर तोच पदार्थ तुमच्या गिझरमध्येही रोज बसतो आहे.

डाळ, चहा, गिझर

डाळीच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन असतं. पाण्यातलं कॅल्शियम त्याला आणखी घट्ट धरतं, म्हणून दाणा मऊ होत नाही. शिट्ट्या वाढवून उपयोग नाही. डाळ भिजवायची नर्मदेत आणि शिजवायचीही नर्मदेत. नुसतं शिजवण्याचं पाणी बदललं आणि भिजत बोरिंगमध्ये घातली, तर भिजतानाच कॅल्शियम आत गेलेलं असतं. हरभरा, राजमा, वाटाणा यांना तर हे आणखी लागू. खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकून काम होतं, पण त्याने ब-१ जीवनसत्त्व जातं. रोजच्या वरणात सोडा घालू नका.

भाचेसुनेच्या इमारतीत मग हौदावर, नर्मदेचं पाणी आत पडतं तिथे, एक वेगळी तोटी बसवून घेतली. एक दिवसाआड प्रत्येक घर दोन कळशा तिथून भरतं. पिणं, डाळ, भात, चहा त्याच पाण्यात. बाकी सगळं मिश्र पाण्यात. खर्च तोटीचा आणि प्लंबरच्या मजुरीचा. त्याच आठवड्यात तीन घरं मोठ्या आरओची चौकशी करत होती.

चहावर येणारा तवंग हाही कठीण पाण्याचाच, चहातली द्रव्यं आणि कॅल्शियम मिळून होणारा. नर्मदेत चहा करा, तवंग फारसा दिसणार नाही.

किटली, इस्त्रीतलं पाण्याचं भांडं आणि नळाच्या जाळ्या यांवरच्या पांढऱ्या थरावर लिंबाचं सत वापरा. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे, अर्धा तास. बुडबुडे थांबले की धुवा. कोणतंही आम्ल ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचच्या द्रावणाबरोबर कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो. न्हाणीघर लहान, खिडकी बंद, तिथे हे जिवावर बेतू शकतं.

गिझरचं तापमान ५०-५५ अंशांवर ठेवा. पाणी जितकं जास्त तापेल तितका थर लवकर बसतो. वर्षातून एकदा, दिवाळीआधी, माणूस बोलावून कॉइल काढून साफ करून घ्या आणि आतली मॅग्नेशियमची कांडी संपली असेल तर बदलायला सांगा. टाकीतली आतली बाजू गंजण्याऐवजी ती कांडी झिजते, तिचं कामच ते.

कपड्यांसाठी बोरिंगच्या बादलीत दोन चमचे धुण्याचा सोडा घालून दहा मिनिटं थांबा, मग साबण घाला. केस बोरिंगच्या पाण्याने धुवावे लागत असतील तर शेवटचे दोन तांबे नर्मदेचे घ्या.

यंत्र घ्यायचं तर कोणतं

सॉफ्टनरमध्ये रेझिनचे मणी असतात. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि सोडियम सोडतात. मिठाच्या पाण्याने त्यांना पुन्हा तयार करावं लागतं. न्हाणीघर, गिझर, सोलर आणि वॉशिंग मशीन यांच्यासाठी उत्तम. पिण्यासाठी मात्र विचार करा: कठीणपणाच्या दर १०० मिलिग्रॅममागे साधारण ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं. ४६८ च्या पाण्यात लिटरमागे २१५. घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर स्वयंपाकघराची लाइन सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढा.

आरओ फक्त तिथे, जिथे पिण्याला बोरिंगशिवाय पर्याय नाही आणि टीडीएस ५०० च्या वर आहे, किंवा नायट्रेट-फ्लोराइड जास्त निघालं आहे. नर्मदेच्या पाण्याला आरओ लावणं म्हणजे एवढा चढ चढवून आणलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा गटारात सोडणं. याचं मला खरंच वाईट वाटतं. तिथे गाळणी आणि यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं यंत्र) पुरे. यूव्हीला पाणी नितळ हवं, गढूळ पाण्यात किरण जंतूंपर्यंत पोहोचत नाहीत. पाइपवर लावायच्या चुंबकांनी कठीणपणाचा आकडा बदलत नाही. घेण्याआधी विकणाऱ्यासमोर मोजून बघा.

सगळ्यात महत्त्वाचं

आमच्या वन्संच्या घरी एका पावसाळ्यात भाच्याला कावीळ झाली. त्याच महिन्यात मशीन विकणारा एक माणूस येऊन मीटर बुडवून गेला होता: १९६. "एकदम बढ़िया पानी है, माताजी." पाणी दिसायलाही काचेसारखं होतं. वन्सं मला म्हणाल्या, "वहिनी, पाण्याचं तर काही नाही ना?" मी क्लोरीनचे थेंब घेऊन गेले. ऑर्थोटोलिडीन घातलं की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं. शेजारच्या घरी हलकं पिवळं झालं. वन्संच्या नळाचं तसंच राहिलं. मानकाप्रमाणे नळाशी क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं. दोन घरांत एक भिंत, आणि इकडे शून्य. म्हणजे मधे काहीतरी क्लोरीन खाऊन टाकत होतं.

घरात येणारा जुना लोखंडी पाइप नालीतून गेलेला होता आणि नालीतल्या भागात गंजून चाळणी झाली होती. नळाला पाणी असतं तोवर दाब आतून बाहेर असतो. पाणी गेलं की पाइप रिकामा होतो आणि छिद्रांतून बाहेरचं आत येतं. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या शहरात हे वारंवार घडू शकतं. त्यात कुणी लाइनवर थेट मोटार लावली की ओढ आणखी वाढते. म्हणून नळाच्या लाइनवर मोटार लावू नका. पाणी हौदात पडू द्या आणि तिथून उचला.

तुमच्या घरी आजच बघा: रस्त्यातून येणारा पाइप नालीला कुठे ओलांडतो? लोखंडी असेल, नालीत बुडालेला असेल, तर प्लंबर बोलवा आणि नवा पाइप नालीच्या वरून घ्या. नळ आल्यावर पहिली पाच मिनिटं पाणी हौदात घेऊ नका. बादलीत धरा, वास घ्या, फरशीला वापरा. हौद आणि टाकी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर घासा. गढूळ आलं तर तुरटी फिरवून रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी काढा आणि मग उकळा. तुरटीने गाळ बसतो, पण ती जंतूंची हमी देत नाही. खळाखळा उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं.

जंतूंसाठी एचटूएसची बाटली मिळते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबदार जागी ठेवायची. २४ ते ४८ तासांत काळी झाली तर त्या पाण्यात मैलापाणी मिसळत असावं असं धरून चाला. पक्की तपासणी लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळेत करून घ्या. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली तिथूनच मागून आणा, घरची चालत नाही. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. बोरिंगचं पाणी देत असाल तर नायट्रेट आणि फ्लोराइडही लिहा. नायट्रेटची मर्यादा ४५ आहे आणि तान्ह्या बाळासाठी ती फार महत्त्वाची, कारण बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद नायट्रेटने कमी होते. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे वाढतं. घरात बाळ येणार असेल तर आधीच तपासून ठेवा.

वन्संकडे मी पहिली बाटली लावली ती दुसऱ्या दिवशी सकाळी शाईसारखी काळी झाली. त्यांनी ती देवघराच्या बाहेर ठेवली होती, नजरेसमोर राहावी म्हणून. पाइप बदलला, हौद ब्लीचिंग पावडरने धुतला, दोनदा पाणी भरून सोडून दिलं, आणि मग दुसरी बाटली लावली. तोवर घरात सगळ्यांना उकळलेलं पाणी. दुसरी बाटली ४८ तासांनंतरही होती तशीच राहिली. ऑर्थोटोलिडीनचे थेंबही या वेळी त्यांच्या नळाच्या पाण्यात पिवळे झाले. तेव्हा कुठे वन्संनी माठ पुन्हा नळाच्या पाण्याने भरला.